म्हशाच्या वाटेवरचा जॅमर

माझ्या आयुष्यातला पहिला माफीनामा मी एका वॉचमनला लिहून दिला, तोही नोकरीच्या पहिल्याच दिवशी. आजही आठवलं की आधी राग येतो आणि मग हसू येतं.

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर ते खासगी विद्यापीठ. मी आसनगावची. आवक-जावक विभागात कंत्राटी लिपिक म्हणून लागले होते. नवी स्कूटी, नवा ड्रेस, आईने भरून दिलेला डबा आणि डोक्यात ही एवढी हवा. ऑफिसच्या मागे जांभळाच्या झाडांची गार सावली दिसली, म्हटलं वा, आपल्यासाठीच आहे, आणि दिली स्कूटी लावून. दुपारी खाली आले तर मागच्या चाकात बैलाची साखळी! खरीखुरी बैलाची, गोठ्यात बांधतात ती. तिला पितळी कुलूप. शेजारी दगडावर एक म्हातारा बसलेला. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, डोक्यावर टोपी आणि पाय अनवाणी. बूट बाजूला, एकाला एक चिकटवून ठेवलेले.

"हे काढा आधी," मी म्हणाले.

"काढतो ना. लिवून द्या."

"दंड किती तो सांगा. लिहून-बिहून काय द्यायचंय?"

"दंड नाय घेत आमी. पैसं टाकलं की माणूस मोकला. लिवायला लावलं की हाताला आठवण ऱ्हाते." असं म्हणून त्यांनी शर्टाच्या आतून घडी केलेला कोरा कागद काढला, पेन काढलं आणि डोळे मिटून सांगायला लागले. 'मी आज माझी गाडी म्हशाच्या वाटेवर उभी केली. ही वाट मागल्या गावच्या माणसांची, गुरांची आणि बैलगाड्यांची आहे, हे मला माहीत आहे. माझ्यामुळे वाट अडली. पुन्हा अडवणार नाही.' खाली नाव, गाव, तारीख, सही.

"अहो, मला कुठे माहीत होतं ही कुणाची वाट आहे ते?"

"आता म्हाईत झालं ना? मंग लिवा, म्हाईत हाय."

दिलं लिहून. कागद हातात घेऊन त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत, सगळा वाचला. 'बैलगाड्यांची'मधला एक काना राहिला होता, तो माझ्याकडून घालून घेतला. मग पाठ फिरवून कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि साखळी काढली. माझी दुपारची सुट्टी संपली होती. डबा मी तसाच घरी परत नेला आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. विद्यापीठाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी पन्नासेक घरांचं गाव आहे, ते तिथले. विद्यापीठ नव्हतं तेव्हापासून त्या गावाची मोठ्या रस्त्याला यायची वाट याच जमिनीतून. पुढच्या फाटकासमोर एसटीचा थांबा आणि मुरबाडच्या जीपा. सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन बायका त्या वाटेने यायच्या, दप्तरं घेऊन पोरं यायची, गुरं यायची आणि पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला बैलगाड्या जायच्या, म्हणून ती म्हशाची वाट. विद्यापीठाने जमिनी घेतल्या त्यात मामांचाही तुकडा गेला आणि बदल्यात ही नोकरी मिळाली. वाट मात्र तशीच राहील, असं गावाला सांगितलं होतं. सांगितलं होतं, बरं का. लिहून दिलं नव्हतं.

भांडणाचं मूळ होती सावली. विद्यापीठाची पार्किंगची जागा उघड्या माळावर. एप्रिलमध्ये तिथे गाडी ठेवली तर संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. आणि वाटेवर दोन्ही बाजूंनी जांभळं. कल्याणहून येणारे प्राध्यापक, होस्टेलची पोरं, पाहुणे, सगळ्यांचा डोळा त्या सावलीवर. सुरुवातीला विद्यापीठाने दोन पिवळे जॅमर आणले, दंडाची पावती छापली. पोरांनी आठवड्याभरात एवढा तमाशा केला की दंड बंद पडला. पावतीपुस्तकं कपाटात गेली, जॅमर मामांकडे राहिले. जॅमर आहेत तर लावायचे, असा मामांचा सरळ हिशेब. दुचाकीला जॅमर बसत नाही म्हणून घरून साखळी आणली. लिहून घ्यायची पद्धत त्यांची स्वतःची. कुणी सांगितली नव्हती आणि कुणाला थांबवताही आली नाही.

माणूस एकेक नगच असतो, पण मामा म्हणजे कहर. त्यांना गाड्यांचे नंबर लक्षात राहायचे नाहीत. ते गाड्या गुरांसारख्या ओळखायचे. "ती पांढरी, डाव्या डोल्यानं फुटकी, ती आली काय?" म्हणजे फार्मसीच्या मॅडमची मोटार, जिचा डावा दिवा गेलेला. "ती मुजोर काळी" म्हणजे रजिस्ट्रार साहेबांची. कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की शिट्टी राहायची खिशात, मामा जिभेने टक् टक् करायचे, "हां हां, थीर, थीर रे," आणि गाडी नीट लागली की बॉनेटवर दोनदा थोपटायचे. एका नव्या प्राध्यापकाने विचारलं, "मामा, गाडीला काय कळतंय?" तर म्हणाले, "गाडीला नाय वो, डायवरला कळतं."

ज्याला त्या दिवशी जॅमर लावलाय त्याचा चहा घ्यायचा नाही, हा आणखी एक नेम. "उद्या पाजा," म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी न विसरता जायचे. किल्ली करगोट्याला असल्यामुळे मॅडम लोकांची फार पंचाईत व्हायची. मामा शर्ट वर करायला लागले की त्या आकाशातली घार शोधायला लागायच्या.

इंजिनिअरिंगच्या एका सरांनी एकदा झोकात इंग्रजीत लिहून दिलं. मामांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत केला. "मराठीत लिवा. ही वाट मराठीच हाय." सर बंगळूरकडचे. त्यांना मराठीतलं येत होतं फक्त 'पुढे चला' आणि 'सुट्टे नाहीत' एवढंच. शेवटी मी खाली जाऊन त्यांना अक्षरं काढून दिली आणि ते बिचारे घामाघूम होऊन ती गिरवत बसले. अर्थ समजावून सांगितल्यावर मात्र म्हणाले, "बट ही इज राइट, नो?" पुन्हा कधी त्यांनी तिथे गाडी लावली नाही.

पण मामांचा खरा छळ सोसला तो मी. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या दिवशीचे अर्ज घेऊन हजर. माझ्या टेबलासमोर उभे.

"शिक्का मार गो बाय."

"मामा, याला शिक्का लागत नाही. हा काय सरकारी कागद आहे?"

"विद्यापीठाच्या मानसानं लिवलाय ना? विद्यापीठात आला ना? मंग नंबर घाल, शिक्का मार."

रजिस्ट्रारांनी मला दोनदा बजावलं होतं, असला कचरा रजिस्टरला चढवू नकोस. पण माझे बाबा कल्याणला एका ऑफिसात अख्खी नोकरी आवक विभागातच काढून निवृत्त झाले. आमच्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरी बाबांची. कागदाने आपल्याला माणसात आणलंय, असं ते म्हणायचे, आणि मी कामाला लागले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. आलेल्या कागदात लहान-मोठा करायचा नाही, आला की त्याला नंबर द्यायचा. त्यामुळे मी चडफडत का होईना, प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक दिला, तारखेचा गोल शिक्का मारला आणि फाइलला लावला. फाइलवर नाव घातलं, 'जॅमर – किरकोळ'. पाच वर्षांत त्या किरकोळच्या तीन जाडजूड फायली झाल्या. लोक मला 'जॅमरबाई' म्हणून चिडवायचे. मला मामांचा मनापासून वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला कुणी कामावरून काढलं कसं नाही? त्याचीही गंमत आहे. एकदा संस्थेच्या संस्थापकांचीच गाडी त्या सावलीत उभी राहिली आणि मामांनी जॅमर ठोकला. सगळ्या ऑफिसचं धाबं दणाणलं. पण मोठे साहेब गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून शांतपणे लिहायला लागले. इतकं वळणदार अक्षर मी पाहिलं नव्हतं. सही करून म्हणाले, "शाळेत असताना असा निबंध लिहिला होता, त्यानंतर आता लिहितोय." आणि मामांच्या पाठीवर थाप मारून गेले. त्यानंतर मामांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. रजिस्ट्रारांनीही तीनदा लिहून दिलं. पहिल्या वेळी ते एवढे ओरडले की वर्गातली पोरं खिडक्यांत आली. "उद्या तुला कामावरून काढतो!"

"काढा ना, सायेब. पन आज जॅमर हाय."

साहेबांना कल्याणला लग्नाला पोचायचं होतं. मुकाट्याने लिहिलं.

पुढे मोठे साहेब आजारपणामुळे यायचे बंद झाले आणि कारभार रजिस्ट्रारांच्या हातात आला. मागच्या बाजूला नवी इमारत उभारायची ठरलं, आणि वाटेवर आडवी भिंत घालायची. खड्डेसुद्धा खणायला घेतले. गावाने जायचं कुठून? तर नाल्याला वळसा घालून, पाच किलोमीटर. पोरांनी शाळेला चालत पाच किलोमीटर जास्त, बाळंतिणीला जीपपर्यंत न्यायचं तर पाच किलोमीटर जास्त. गाव तहसीलदारांकडे गेलं. वाट वहिवाटीची आहे, अडवू देऊ नका, असा अर्ज केला.

विद्यापीठाचं उत्तर मी टाइप केलं. होय, मीच. 'सदर जागेवर कोणतीही वहिवाट नाही. विद्यापीठ सुरू झाल्यापासून सदर जागेचा वापर केवळ वाहनतळ म्हणून, विनाहरकत होत आहे.' माझ्या पाठीमागच्या कपाटात त्या तीन फायली होत्या आणि मी हे टाइप करत होते. डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही. साहेबांनी सांगितलं, मी केलं. आता याची लाज वाटते.

गावाकडे पुरावा काय? सरकारी नकाशात ती वाट नव्हतीच. म्हाताऱ्यांनी तोंडी सांगितलं, आमचे आजे याच वाटेने म्हशाला जायचे. विद्यापीठाच्या वकिलांनी विचारलं, आता किती बैलगाड्या जातात? गावात दोनच गाड्या उरल्या होत्या. बाकीचे पिकअपने जायचे. त्या दोनांतली एक मामांची. विकायला काही नसलं तरी मामा दर पौषात जत्रेतला रविवार बघून गाडी जुंपायचे आणि त्या वाटेनेच म्हशाला जाऊन यायचे. मुलगा ओरडायचा, बैल पोसायला परवडत नाहीत, विकून टाका. "वाट मोडंल," एवढंच मामा म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला जत्रेची हौस.

तहसीलदार स्वतः जागा पाहायला येणार असं ठरलं, जत्रेच्या दोन आठवडे आधी. आदल्या दिवशी रजिस्ट्रारांनी मला एक सूचना फिरवायला दिली. 'उद्या सर्व कर्मचाऱ्यांनी आपली वाहने मागील झाडांखाली उभी करावीत.' ऐन जानेवारीत, थंडीने हात काकडत असताना, सावलीत गाड्या! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वाटेवर गाड्या भरून दाखवायच्या, म्हणजे बघा साहेब, पार्किंगच आहे. मामांना साहेबांनी निरोप दिला, उद्या सुट्टी घ्या.

मामा आले. इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पायात बूट पाहिले मी. वाटेवर दोन्ही बाजूंनी चाळीसएक गाड्या. आमच्याच लोकांच्या. कुणी मामांच्या नजरेला नजर देईना. मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांच्याकडे जॅमर दोन आणि साखळी एक. चाळीस गाड्यांना काय पुरणार? माझी स्कूटी त्या दिवशी मी माळावर लावली होती, तेवढंच काय ते माझं शौर्य.

अकराला तहसीलदारांची जीप आली. ड्रायव्हरला वाटेत थोडी जागा दिसली, तिथे त्याने घातली. तहसीलदार उतरले. चष्मा, साधा शर्ट, कमी बोलणारा माणूस. एका बाजूला गावातली तीस-चाळीस माणसं, दुसऱ्या बाजूला रजिस्ट्रार, वकील, आम्ही ऑफिसवाले. वकील सांगत होते, बघा साहेब, पार्किंग, कुठे बैल, कुठे गाडी? तहसीलदार मान हलवत होते. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. वाट हातची गेली हे त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं.

तेवढ्यात खट् आवाज झाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामा तहसीलदारांच्या जीपच्या चाकाशी वाकले होते. पिवळा जॅमर बसला होता.

"अरे बोंबला," माझ्या शेजारचा शिपाई म्हणाला.

रजिस्ट्रार धावले. "मूर्खा, काय करतोयस? कुणाची गाडी आहे कळतं का?"

"कलतं ना. गाडी वाटंवर हाय."

तहसीलदार पुढे आले. रागावलेले नव्हते, पण आवाज कडक होता. "इथे चाळीस गाड्या उभ्या आहेत. माझ्याच गाडीला का?"

मामांनी टोपी काढली. "सायेब, जॅमर दोनच हायत. आनि त्या सगल्यांचे अर्ज घेतलेत मी. एकेकाचे तीन-तीन, चार-चार. तुमचाच नाय."

"कसले अर्ज?"

मामांनी डोळे मिटले आणि खडाखडा म्हणून दाखवलं. मी आज माझी गाडी म्हशाच्या वाटेवर उभी केली. ही वाट मागल्या गावच्या माणसांची, गुरांची आणि बैलगाड्यांची आहे, हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत. आई शप्पथ सांगते, ते शब्द मी शेकडो वेळा वाचले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

तहसीलदार एकदम सावध झाले. "हे लोकांनी लिहून दिलंय? कुठे आहेत ते कागद?"

"साहेब, हा वेडसर माणूस आहे," रजिस्ट्रार म्हणाले. "असल्या कागदांची नोंद आमच्याकडे ठेवत नाहीत. फाडून टाकले असतील." आणि हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. असं बघत होते की लहान पोरालाही समजावं.

"आवक कोण बघतं?" तहसीलदारांनी विचारलं.

पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपणार होतं. नव्या कंत्राटावर सही कुणाची, तर रजिस्ट्रारांची. बाबांची पेन्शन आणि माझा पगार, एवढंच घर. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि त्या बायकाही दिसत होत्या, पदर तोंडाला लावलेल्या. एक पोरगी कडेवर बाळ घेऊन माझ्याकडेच बघत होती. मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"मी बघते, साहेब. नोंद आहे. सगळ्याची आहे."

दोन मजले मी कशी चढले ते आठवत नाही. उतरताना तीन फायली आणि वर आवक रजिस्टरं, हनुवटीपर्यंत ढीग. जीपच्या बॉनेटवर ठेवला. तहसीलदारांनी पहिली फाइल उघडली. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक, विद्यापीठाचा गोल शिक्का, तारीख. त्यांनी रजिस्टरशी दोन-चार नंबर ताडून पाहिले. जुळले. मग त्यांनी एक कागद काढला आणि मोठ्याने वाचला. खालचं नाव वाचलं. फार्मसीच्या मॅडम. दुसरा वाचला, वाणिज्यचे सर. तिसरा त्यांनी जरा लांब धरला, चष्मा सारखा केला.

"हे तुमचं अक्षर का?" त्यांनी रजिस्ट्रारांना विचारलं.

रजिस्ट्रारांच्या तोंडचं पाणी पळालं. तहसीलदारांनी तो सावकाश वाचला, 'हे मला माहीत आहे' इथे थोडं थांबून. गावातली एक म्हातारी खुदकन हसली आणि मग सगळं गाव हसलं. शेवटी मोठ्या साहेबांचा कागद निघाला, ते वळणदार अक्षर. तो तहसीलदारांनी मोठ्याने वाचला नाही. नुसता वकिलांच्या हातात दिला.

वकील हुशार माणूस. लगेच म्हणाले, "साहेब, हे दबावाखाली लिहून घेतलेले कागद आहेत. चाक अडकवून ठेवलं तर माणूस काहीही लिहील."

"चाक अडकलं होतं, वकीलसाहेब. हात मोकळा होता," तहसीलदार म्हणाले. "आणि पाच वर्षांत एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकानेही तक्रार केली नाही, की ही वाट नाही म्हणून?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच एखादी तक्रार काढून देणार होते. मी म्हणाले, "नाही साहेब. आवकला एकही तक्रार नाही." हे वाक्य म्हणताना मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. बारावी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

पंचनामा तिथेच झाला. तहसीलदार वाट चालत मागच्या गावापर्यंत जाऊन आले. परत येऊन पाहतात तर जॅमर तसाच.

"आता तरी काढा," रजिस्ट्रार दात-ओठ खात म्हणाले.

मामा मोठ्या पेचात पडले होते. निकाल द्यायचा माणूस आधीच असं कसं लिहून देणार, हे त्यांनाही कळत होतं. डोकं खाजवून म्हणाले, "सायेबांनी नाय लिवायचं. गाडी डायवरनं उभी केली. डायवर लिवंल." तहसीलदार पहिल्यांदा हसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "लिही बाबा." ड्रायव्हरने लिहिलं. मामांनी बोट ठेवून वाचलं, पाठ फिरवली, किल्ली सोडली. मग कागद माझ्यापुढे धरला.

"शिक्का मार गो बाय."

मी धावत जाऊन शिक्का आणला.

आठवड्याने आदेश आला. आवक क्रमांक मीच घातला त्याला. वाट वहिवाटीची आहे, विद्यापीठाने ती कायम मोकळी ठेवावी, भिंतीचे खड्डे स्वखर्चाने बुजवावेत. त्यात असंही लिहिलं होतं की आवक लिपिकाने नोंदवहीसह संचिका हजर केली. सरकारी आदेशात माझं नाव! आता रजिस्ट्रारांना मला काढणंही जड होतं. कंत्राटावर सही झाली, माझ्याकडे न बघता झाली, पण झाली. बाबांनी त्या आदेशाची झेरॉक्स घेतली आणि विहारात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. मला लाजल्यासारखं व्हायचं आणि त्यांनी आणखी चार जणांना दाखवावं असंही वाटायचं.

मी मामांना विचारलं, "खरं सांगा, हे सगळं तुम्ही पहिल्यापासून ठरवून केलं होतं ना?"

"कशाचं ठरवून गो? वाटंवर गाडी नको, एवढंच."

"मग शिक्का का मारायला लावायचात? रोज?"

मामांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि तिकडे कुणीतरी गाडी मागे घेत होतं त्याला टक् टक् करायला निघून गेले. आजपर्यंत मला उत्तर मिळालेलं नाही. मी आता दुसरीकडे नोकरीला आहे आणि मामाही निवृत्त होऊन घरी बसलेत, पण भेटले की मी विचारते आणि ते तस्सेच बघतात.

त्या वर्षीची जत्रा मात्र सांगायलाच हवी. मामांनी सुट्टी टाकली होती, पाच वर्षांतली पहिली. सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या बाजूने घुंगरांचा आवाज आला. आम्ही सगळे गच्चीत, जिन्यात, खिडक्यांत. गावात गाड्या दोनच, पण आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनीही आपल्या गाड्या वळवून आणल्या होत्या. एकामागे एक अशा नऊ गाड्या, बैलांच्या शिंगांना गोंडे, मागून भाजीच्या पाट्या घेऊन बायका आणि शाळा बुडवलेली पोरं. वाटेवर एकही मोटार नव्हती. फार्मसीच्या मॅडमनी तर भर उन्हात माळावर गाडी लावून छत्री घेऊन टाळ्या वाजवल्या. बंगळूरचे सर मोबाइलवर शूटिंग करत होते.

पहिली गाडी मामांची. ऑफिससमोर त्यांनी बैल आवरले आणि वर बघून हाक मारली, "ए बाय, चल बस."

"मामा, ऑफिस आहे!"

"मंग? वाट ऑफिसातूनच जाते."

रजिस्ट्रार खिडकीत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली, खाली उतरले आणि चाकावर पाय ठेवून गाडीत चढले. जांभळांच्या सावलीतून, माळाच्या कडेने, ग्रंथालयावरून, आम्ही पुढच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकावरच्या नव्या वॉचमनने सलाम ठोकला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मामांनी बैल क्षणभर थांबवले आणि मागे वळून त्या सबंध वाटेकडे पाहिलं. डोळे भरले होते, पुसायचं भान नव्हतं.

"बघितलंस गो?" ते म्हणाले. "कुठंच थांबायला लागलं नाय."